गाड्या येईनात

मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना एक दिवस मोजाव्हे वाळवंटातून जमेल तेथे जुन्या ‘रूट 66’ने अॅम्बॉयपर्यंत गेलो. हा मार्ग 1926 सालचा. 1930 च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली कुटुंबे याच वाटेने पोटामागे आली. 1973 मध्ये नवा हायवे बाजूने गेला आणि अॅम्बॉय ओस पडले. ‘रॉय्ज’ची 1959 ची उंच पाटी मात्र उभी आहे.

नातवाने इंग्रजीत विचारले, ‘‘इथली माणसं कुठं गेली?’’ मी मराठीत सांगू लागताच मुलगा भाषांतराला सरसावला. म्हटले, ‘‘थांब, मलाच सांगू दे.’’ हातवारे करीत सांगितले, ‘‘गाड्या येईनात, म्हणून माणसं गेली.’’

परतताना बराच वेळ खिडकीबाहेर पाहून तो आपल्याशीच पुटपुटला, ‘‘गाड्या येईनात.’’