नेपाळचा पाऊस आणि आमचे बोचके

प्रवासाला काय न्यावे, याविषयी आमच्या आजीचे शास्त्र सोपे आहे. उन्हाळ्यात पंचा, पावसाळ्यात छत्री, थंडीत घोंगडी. कोकणात ते खपून जाते. गेल्या सप्टेंबरात मामांबरोबर नेपाळला निघालो, तेव्हा मात्र तिन्ही वस्तू एकदमच काढाव्या लागल्या!

आपला पाऊस समुद्रावरून येतो. नेपाळात तो जूनच्या मध्याच्या आसपास पूर्वेकडून शिरतो आणि सप्टेंबर सरता-सरता माघारी फिरतो. वर्षाच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के याच चार महिन्यांत पडतो. पण कुठे किती, हे पंचांग नव्हे, डोंगर ठरवतो. पोखराजवळच्या लुम्ले गावी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या पंगतीतला. अन्नपूर्णेच्या रांगेपलीकडे जोमसोमला ३०० मिलिमीटरसुद्धा नाही. महाबळेश्वर आणि माण तालुका हा भूगोलाचा धडा तिथे आभाळाएवढा करून मांडला आहे, एवढेच.

आम्हांला ओल्या बाजूनेच अन्नपूर्णेच्या तळापर्यंत जायचे होते. पोखरा ८०० मीटरांवर, तळ ४,१३० मीटरांवर. हजार मीटर चढले की पारा सहा-साडेसहा अंश उतरतो. म्हणजे खाली घाम आणि वर कुडकुडणे. सुती कपडा तिथे शत्रू. भिजला की वाळत नाही, अंगावरच गारठतो. जीनच्या पँटचे तर नावच नको. लोकर, पटकन वाळणारे दोन सदरे, प्रत्येक कपड्याला वेगळी प्लॅस्टिकची पिशवी, आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. चढावर रेनकोटात माणूस आतूनच भिजतो, त्यापेक्षा छत्री बरी. (आजीचा तेवढा विजय!)

वाटेत शेतात वाकलेल्या एका बाईच्या पाठीवर बांबूचा विणलेला ‘घुम’ दिसला आणि मी थबकलो. हे तर आमचे इरले! बाकीच्या बायकांनी प्लॅस्टिक पांघरले होते. आमच्या गावीही आता तेच आहे.

मामांची मात्र एक अट होती. दोघांचे मिळून सामान पंधरा किलोंच्या आत, आणि ते वाहणाऱ्या भरियाचे कपडे निघण्याआधी आपण पाहायचे. ऑक्टोबर तिकडे निरभ्र मानतात. तरी २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी थोरोङ खिंडीच्या परिसरात हिमवादळ माजवले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत परदेशी पाहुण्यांबरोबर नेपाळी वाटाडे होते, हमालही होते. “यादी करताना आपण स्वतःपुरतीच करतो,” मामा म्हणाले, “पाठ तर दुसऱ्याची असते.”

आमच्या भरियादाजूंकडे एक पातळ जाकीट होते. मामांनी पोखराच्या बाजारात त्यांच्यासाठी लोकरी स्वेटर, मोजे आणि जाड प्लॅस्टिकचा तुकडा घेतला. दाजूंनी कपडे घडी करून डोकोच्या तळाशी ठेवले, नाम्लोचा पट्टा कपाळावर चढवला आणि निघाले.

तासाभरात पहिली सर आली. दाजूंनी ते प्लॅस्टिक काढले आणि स्वतः न पांघरता आमच्या बोचक्यावर नीट खोचून पसरले. मामा काही बोलले नाहीत. आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरून चालू लागले. वाट अरुंद, दोघांना मावेना. दाजू हसले, नेपाळीत काहीतरी म्हणाले आणि झपाझप पुढे गेले.