दिवस मावळायच्या आत

आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत. पन्नास वर्षांचा नेम आहे. त्यामुळे आमच्या बेळगावच्या घरात पाच वाजले की कुणी ना कुणी स्वयंपाकघरात डोकावतंच, "आक्कांचं ताट झालं का?" मीही लग्नानंतर पाच-सहा वर्षं हे नेटानं पाळलं. मग नोकरी आली, मुलांचे क्लास आले, आणि माझा नेम चातुर्मासापुरता उरला. आक्का त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

देवघराशेजारी एका जुन्या कॅलेंडरचं पान चौकटीत लावलेलं आहे. चहूकडं पाणी, मधोमध दगडी बस्ती, मागं हिरवे डोंगर. वरंगची केरे बसदी. केरे म्हणजे कानडीत तळं. हे पान मामंजींनी आणलं होतं आणि दर वर्षी ते म्हणायचे, "पुढच्या सुट्टीत वरंगला जाऊ." तीन वर्षांपूर्वी ते गेले. पान तसंच राहिलं.

मागच्या डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली आणि समुद्राचा हट्ट सुरू झाला. गोवा झालं होतं, मालवण झालं होतं. मीच म्हटलं, उडुपीकडं जाऊ, मुलांना समुद्र होईल आणि आक्कांना वरंग. एका दगडात दोन पक्षी म्हणणार होते, पण आक्कांसमोर ही म्हण आम्ही वापरत नाही.

पहाटे पाचला निघालो. हुबळी, यल्लापूर, मग अरबैल घाट. घाटात धाकट्यानं रिवाजाप्रमाणं उलटी केली. अंकोल्यापासून समुद्र हाताला लागला, म्हणजे दिसेना, पण वास यायला लागला. मुर्डेश्वरला मुलांनी फोटो काढण्यात दीड तास घातला. नंतर मरवंते आलं आणि गाडीतल्या सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. रस्त्याच्या एका अंगाला समुद्र, अगदी चाकाला लागेल इतका, आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी. मध्ये आपण. ह्यांनी गाडी कडेला घेतली, मुलं धावत सुटली. सूर्य खाली उतरत होता, लेक ओरडत होती, "आई, लवकर ये, जाईल तो!" मीही चपला हातात घेऊन पळाले. सूर्य पाण्याला टेकला, चपटा झाला, गेला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत आले तर आक्का गाडीत दार उघडं टाकून बसलेल्या. मांडीवर हात.

माझ्या पोटात धस्स झालं. त्यांच्यासाठी केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मीच डब्यात भरली होती, आणि तो डबा मीच डिकीत अगदी तळाला, मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांच्या बॅगेखाली ठेवला होता. उकळलेल्या पाण्याची बाटलीही त्यातच.

"आक्का, हाक तरी मारायची!"

"तुम्ही बघत होता की. एवढ्या लांबून आलाय. एक दिवसानं काय होतंय?"

रात्री दहाला उडुपीत लॉजसमोरच्या हॉटेलात आम्ही चौघांनी डोसे खाल्ले. उडुपीकडचा मठातला स्वयंपाक कांदा-लसणाशिवायचा असतो हे मी आक्कांना मोठ्या कौतुकानं सांगून ठेवलं होतं. त्या वेळी त्या वर खोलीत उपाशीपोटी जप करत बसल्या होत्या. डोसा चांगला होता. मला तो आठवतो, म्हणजे खाताना लाज तितकीशी वाटत नसणार. नंतर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलपे. एक तास ठरलं होतं, तीन झाले. "राहू दे, मुलं कधी येतात," हेही मीच म्हटलं. मलपे मासेमारीचं बंदर, वाऱ्याबरोबर मासळीचा वास येत होता, आक्का पदर नाकाला लावून होत्या, पण नातवाबरोबर शिंपले वेचायला आल्या. त्यानं पिशवीभर गोळा केले. आक्कांनी एकेक उलटा करून पाहिला आणि ज्यात काही हलत होतं ते सगळे त्याला परत पाण्यात सोडायला लावले. पिशवीत सात उरले. तो रडकुंडीला आला, मग त्यालाच त्या खेळाची गोडी लागली आणि तो दुसऱ्या मुलांच्या बादल्या तपासायला निघाला. त्याला आवरताना आणखी अर्धा तास गेला.

त्यामुळे मूडबिद्री घाईत झाली. हजार खांबांची ती बस्ती १४३० सालची. तिथं खरं तर दिवस काढायचा. धवला ग्रंथाच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतकं ह्याच गावानं सांभाळल्या आणि पुढं हिरालाल जैनांनी १९३९ पासून तो ग्रंथ अमरावतीहून छापायला घेतला, असं मी मुलांना सांगत होते. मुलं खांब मोजत होती. कारकळला ४२ फुटी बाहुबली खालूनच डोळे भरून पाहिला. आक्कांच्या गुडघ्यांना तो खडक चढवेना.

तिथून वरंगकडं निघालो तेव्हा पाच वाजत आले होते. मला आदल्या दिवसाची टोचणी होतीच. मी ह्यांना म्हटलं, "थांबवा गाडी. आक्का आधी जेवतील."

"आधी बस्ती," आक्का म्हणाल्या.

"नाही. काल उपाशी होता. आज आधी जेवण."

कधी नव्हे ते मी आवाज चढवला. त्या मुकाट्यानं दोन दशम्या जेवल्या. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. तळ्याकाठी पोचलो तेव्हा होडी दोरीनं बांधलेली आणि काठावर एक बाई तेवढी. तिनं हात हलवला, "नाळे बन्नी." उद्या या.

समोर ते कॅलेंडरचं पान जसंच्या तसं होतं. पाणी, बस्ती, डोंगर. आक्कांनी चपला काढल्या, काठावरून हात जोडले, बराच वेळ जोडून ठेवले. मग म्हणाल्या, "दिसली की. बास झालं."

हे "बास झालं" मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. तव्यावरची शेवटची पोळी मोडकी निघाली की बास झालं. दिवाळीला सगळ्यांची खरेदी होऊन पैसे संपले की माझं लुगडं आहे, बास झालं. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी ह्यांना सांगितलं, "तुम्ही मुलांना घेऊन समुद्रावर जा. गाडी मी नेते." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. बेळगावात मी खडेबाजारच्या गर्दीतून गाडी काढते, पण परक्या मुलखात कधी चालवली नव्हती. किल्ली मात्र त्यांनी दिली.

तासाभराचा रस्ता. आक्का पहिल्यांदाच माझ्याशेजारी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. समोरून बस आली की त्या दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरायच्या. "तुझे मामंजी कधी आणणार नव्हते," मध्येच म्हणाल्या. "त्यांना पाण्याची भीती. मला ठाऊक होतं. मी कशाला बोलून दाखवू?"

होडी लहान होती. आक्कांना उतरवून घेताना ती अशी कलली की त्यांनी माझं मनगट आवळलं आणि तोंडानं णमोकार सुरू केला. पाय मोकळे झाल्यावर आजूबाजूला पाहिलं. कमळाची पानं, मधूनच एखादं फूल, पानांखालून मासे. मलप्याला टोपल्यांतून पाहिलेले मासे इथं आपल्या मर्जीनं फिरत होते. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, तिच्या छताला दगडात कोरलेलं मोठं कमळ आहे. आक्का लहानपणापासून मान वर करून ते कमळ बघत आल्या. "इथं खाली बघायचं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

बस्ती चतुर्मुख. पार्श्वनाथ, नेमिनाथ, शांतिनाथ, अनंतनाथ, चार दिशांना चार मुखं. पद्मावतीही आहे. आक्कांनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यात घरून आणलेल्या तांदळाच्या दोन पुड्या होत्या. एक वाहिली. दुसरी माझ्या हातात दिली. मला वाटलं मामंजींच्या नावची. तर म्हणाल्या, "तुझी. निघताना तू डबे भरत होतीस, तुला कुठली आठवण." मी तांदूळ वाहिले. काय मागितलं ते इथं लिहीत नाही. मागायचं नसतं असं आपला धर्म सांगतो, आणि मी मागितलं.

त्या संध्याकाळी कापूच्या किनाऱ्यावर गेलो. खडकावर १९०१ सालचं दीपगृह आहे. पाच वाजताच वाळूत चादर अंथरली आणि आम्ही पाचही जण जेवलो. मुलं कुरकुरली, एवढ्या लवकर भूक कुठली, पण जेवली. आक्कांनी पाणी पिऊन घेतलं, चूळ भरली, बाटलीचं बूच घट्ट लावलं. आता त्यांना काही काम उरलं नव्हतं. त्या समुद्राकडं तोंड करून बसल्या.

सूर्य उतरायला लागला. पंचाहत्तर वर्षांत त्यांनी तो असा पाहिला नव्हता. त्या वेळी त्या नेहमी चुलीपाशी, नाहीतर ताटावर, एक डोळा घड्याळावर. शेवटची कड पाण्यात बुडाली तशा त्या पुढं वाकल्या.

"अगं बाई," म्हणाल्या, "मला वाटायचं हा सावकाश जात असेल. ह्यालापण आमच्यासारखी घाईच की!"

धाकट्यानं विचारलं, "आज्जी, उद्यापण इथंच जेवायचं?"

"उद्या घरी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आपल्या गच्चीवरून दिसतो का गं हा?"