आधी पुठ्ठ्यावर

वडिलांची १९८७ सालची चेतक स्कूटर रंगवायचं मी मनावर घेतलं, तेव्हा सगळी मेहनत पत्रा घासण्यातच आहे अशी माझी समजूत होती. आठ दिवस घासून जुना रंग उतरवला, पोचे आले होते तिथं पुट्टी भरली आणि मे महिन्याच्या भर दुपारी अंगणात स्प्रे गन हातात घेतली. पुढच्या मडगार्डवर प्रायमरचा पहिला हात मारला. मधोमध तीन ओघळ खाली आले आणि दोन्ही टोकांना बोट फिरवलं तर वाळूसारखी खरखर.

एकाच पत्र्यावर एकाच वेळी प्रायमर जास्तही आणि कोरडाही, हे कोडं काही सुटेना. गनच खराब असणार असं मी धरून चाललो. संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या पेंटरकाकांना बोलावलं. त्यांची हयात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलेली.

त्यांनी मडगार्डकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "सर, एक पुठ्ठा आणा."

पुठ्ठा भिंतीला टेकवून त्यांनी वीतभर अंतरावरून क्षणभर ट्रिगर दाबला. उभा, लांबट ठसा उमटला, पण एका बाजूला फुगलेला. मग त्यांनी गनच्या तोंडाची एअर कॅप अर्धा फेरा फिरवली आणि शेजारी पुन्हा दाबला. फुगवटा आता दुसऱ्या बाजूला गेला होता. "कॅपबरोबर फिरला, म्हणजे घाण कॅपच्या भोकात आहे. जागचा हलला नसता तर नोझल खोलायला लागलं असतं." थिनरमध्ये भिजवलेल्या दात कोरायच्या काडीनं त्यांनी भोक मोकळं केलं. तार घालू दिली नाही. तारेनं भोक मोठं होतं आणि मग ती कॅप कायमची वाकडं मारते. तिसरा ठसा वरपासून खालपर्यंत सारखा आला. दोन मिनिटांचं काम, पण तेवढ्यात मला गन वाचायला शिकवलं त्यांनी.

कोड्याचं खरं उत्तर मात्र माझ्या मनगटात होतं. झाडांना पाणी मारावं तसा मी हात गोल फिरवत होतो. त्यामुळे मध्यावर गन पत्र्याजवळ येत होती आणि टोकांना लांब जात होती. जवळ आली तिथं ओघळ. लांब गेली तिथं उन्हानं थिनर हवेतच उडून प्रायमरची भुकटी पत्र्यावर बसलेली. काकांनी माझं कोपर धरलं आणि मला कमरेपासून सरकायला लावलं. हात आधी हलवायचा, पत्र्याच्या अलीकडे ट्रिगर दाबायचा, पत्रा संपल्यावरच सोडायचा. पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. अर्धा तास मी नुसतं पाणी भरून भिंतीवर हे करत होतो.

ओघळांना आणखी एक कारण होतं. माझ्या गनला १.४ चं नोझल होतं. रंगाला ते चालतं, पण दाट प्रायमर त्यातून नीट सुटत नाही, म्हणून मी थिनर ओतत गेलो होतो. काकांनी १.८ चं नोझल आणायला सांगितलं आणि थिनर निम्म्यावर आला.

ओला ओघळ पुसायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. रात्रभर वाळू दिला आणि लाकडी ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून घासला. नुसत्या बोटांनी घासलं की खळगा पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं तीन हात मारले. एकही ओघळ आला नाही.

पहिल्यांदा गन घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पत्र्याकडे वळण्याआधी एक ठसा पुठ्ठ्यावर मारून बघा. आणि नाकाला रुमाल बांधून भागवू नका. रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क गनसोबतच विकत घ्या.