गेम खेळताना लॅपटॉप का तापतो?



सकाळची शाळा सुरू झाली की पालकांच्या तक्रारी बदलतात. मुलं दुपारभर घरी, बाहेर ऊन, मग हातात मोबाइल नाहीतर ताईदादाचा लॅपटॉप. या एप्रिलमध्ये माझ्या पाचवीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले, ते लॅपटॉप पिशवीत घालूनच. "मॅडम, यानं गेम खेळून जाळून टाकला. पोरीचा कोर्स चालू आहे, आता कुठून आणू दुसरा?" मुलगा मागे उभा. गालावर बोटं उमटलेली दिसत होती. तो एकच वाक्य म्हणत होता, "मी काही नाही केलं."

तालुक्याच्या एका दुकानदाराने मदरबोर्ड गेला असं सांगून काही हजारांचा आकडा दिला होता. पण लॅपटॉप तर चालू होत होता! टायपिंग केलं तर तासभर चालायचा. माइनक्राफ्ट लावला की दहा-पंधरा मिनिटांत बंद. मला वाटतं, खरा धागा इथेच आहे.

आपण पत्र टाइप करतो तेव्हा प्रोसेसर बराचसा वेळ रिकामा बसलेला असतो. गेममध्ये तसं नाही. एका सेकंदात तीस, साठ, कधी त्याहून जास्त चित्रं नव्याने तयार करून पडद्यावर टाकायची असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा भाग दोघंही एकदम राबतात. ते जेवढी वीज खातात, तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती बाहेर काढायला आत तांब्याची चपटी नळी असते. नळीत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं. भाताच्या झाकणावर थेंब जमतात ना, तसंच. थंड टोकाला पातळ पातळ पत्र्यांची जाळी आणि त्यावर वारा घालणारा छोटा पंखा. म्हणजे वहन, अभिसरण, बाष्पीभवन, सगळा धडा एका डब्यात! (डी.एड.ला असताना हे उदाहरण कुणी दिलं असतं तर पाठ टाचण लिहायला मजा आली असती.)

ही वाट तुंबली की तापमान चढतं. बऱ्याच लॅपटॉपचे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की आपणच वेग कमी करतात. गेम अडकत अडकत चालतो, तो यामुळे. तरीही उतरलं नाही तर मशीन स्वतःला बंद करतं. म्हणजे बंद पडणं हा जळल्याचा पुरावा नाही. जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते जरा शांत झाले.

मी त्यांच्या घरी गेले आणि कारण दारातच दिसलं. भाव वाढेल म्हणून कापूस अजून घरातच भरून ठेवलेला. त्याच खोलीत खाटेवर गादी, गादीवर लॅपटॉप. खालून हवा घ्यायची जाळी गादीने दाबलेली आणि पंख्याने चार महिने कापसाची तूस ओढलेली. दुसऱ्या एका रिपेअरवाल्याने खालचं झाकण उघडलं तर जाळीवर नमद्यासारखा थर निघाला. त्याने थर काढला, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. मदरबोर्डला काही झालं नव्हतं.

तुम्ही घरी ब्लोअर मारणार असाल तर मशीन बंद करून, चार्जर काढून मारा, आणि पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा. जोराच्या हवेने पंखा सुसाट फिरला तर खराब होऊ शकतो.

बाकीचं काम मुलानेच केलं. गादीऐवजी लाकडी पाट आला. मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं ठेवून लॅपटॉप थोडा उचलला. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला चित्रांची मर्यादा नव्हती, ती ४० केली. रेंडर डिस्टन्स १६ वरून ८ वर आणलं, म्हणजे लांबचे डोंगर दिसत नाहीत, पण खेळायला काही अडत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ ठेवलं. बहुतेक लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो वेग बंद होतो आणि उष्णता बरीच कमी होते.

एक गोष्ट मात्र मी त्याला ठामपणे नाही म्हटलं. तो ओला टॉवेल खाली ठेवणार होता. ओलं फडकं नको, फ्रीजमधला बर्फ नको, कूलरच्या तोंडासमोरही नको. पाणी आत गेलं की मग खरोखरच मदरबोर्ड जातो.

तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम टाकून दिला आणि वहीत नोंदी करायला सांगितल्या. त्याची वही माझ्याकडे आहे. सकाळी सात वाजता, खेळून वीस मिनिटं: ७४. दुपारी दोन वाजता, तेवढाच वेळ: ८८. गेम तोच, पाटही तोच. मी वर्गात विचारलं, असं का? मुलांनी बराच वेळ भांडून उत्तर काढलं: पंखा बाहेरचीच हवा आत घेतो, आणि दुपारी ती हवाच ४३ अंशांची. खोलीपेक्षा गार तो करणार कसा?

मग घरातच ठरलं. खेळणं सकाळी, अर्धा तास. दुपारी लॅपटॉप बहिणीचा. मी यात काही बोलले नाही. वडिलांशी मारण्याबद्दल मात्र बोलले, मुलगा समोर नसताना.

पालकांनी आणखी एवढं बघा: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा खालचं झाकण फुगलं तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा साफसफाई, सेटिंग काही नाही. चार्जिंग बंद करायचं, दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं.