पाणी कुठे मुरतं?

'कुठंतरी पाणी मुरतंय' असं आपण मेसच्या बिलाबद्दल म्हणतो. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत ते शब्दशः खरं असतं. आणि कुठे मुरतं तेही ठाऊक असतं : कागदात.

व्हायवाला 'इन्सुलेशन कोणतं?' असं विचारलं की आपण 'ऑइल' म्हणून मोकळे होतो. पण वाइंडिंगवरचा क्राफ्ट पेपर आणि मधला प्रेसबोर्ड म्हणजे सेल्युलोज, पाण्याचा जानी दोस्त. हिशेब करून बघा. दहा टन तेलात २० पीपीएम पाणी म्हणजे २०० ग्रॅम, एक ग्लासभर. त्याच टाकीतल्या एक टन कागदात २ टक्के म्हणजे २० किलो, हॉस्टेलची बादली भरून! पाणी दुप्पट झालं की कागदाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. तेल बदलता येतं, कागद बदलायचा म्हणजे रिवाइंडिंगच.

हे सगळं मला २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत एका साखर कारखान्यावर ट्रेनिंग करताना कळलं. साखर कारखान्याची गंमत अशी की हंगाम संपला की ट्रान्सफॉर्मर थंड पडून राहतो, तोही ऐन पावसाळ्यात. तिथल्या ब्रीदरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी होऊन कधीचं संपलेलं. (नव्या प्रकारात नारिंगीचं हिरवं होतं.) मेगर लावला, तर दहा मिनिटांच्या आणि एका मिनिटाच्या रीडिंगचं गुणोत्तर, म्हणजे पोलरायझेशन इंडेक्स, जेमतेम १.१. मोळी टाकायचा मुहूर्त चार दिवसांवर, ऊसतोड टोळ्या फडात उतरलेल्या.

फिल्टर मशीन आलं. तेल ६० अंशांच्या आसपास तापवायचं, व्हॅक्यूममध्ये पाणी काढायचं, परत टाकीत सोडायचं. उष्णता टिकावी म्हणून टाकीला ताडपत्री गुंडाळली. दुसऱ्या दिवशी तेलाचा बीडीव्ही २८ वरून ६० केव्हीच्या वर गेला. ऑफिसातून लगेच निरोप : झालं ना, मशीन काढा, चार्ज करा.

वायरमन अण्णा जागचे हलले नाहीत. ''तेल पास झालंय साहेब, कागदाचा निकाल अजून लागायचाय.''

त्यांचं बरोबर होतं. तेलातलं पाणी काढणं हे एका दिवसाचं काम. कागदातलं पाणी तेलात उतरायला वेळ लागतो. घाई केली तर काही दिवसांत तेल पुन्हा ओलं. शिवाय ओल्या कागदावर एकदम लोड टाकला तर वाफेचे बुडबुडे सुटून आतच फ्लॅशओव्हर व्हायची भीती. मेगरचं रीडिंगही आधी घसरतं, कारण दहा अंश तापमान वाढलं की रेझिस्टन्स सुमारे निम्मा होतो. मग ते रेंगाळतं, आणि कागद सुकू लागला की त्याच तापमानाला चढायला लागतं. रात्री दर दोन तासांनी मी आकडे ग्राफपेपरवर मांडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा ग्राफ मित्राच्या जर्नलमधून उतरवलेला नव्हता!

पाचव्या पहाटे रीडिंग वर चढून स्थिर झालं, गुणोत्तर १.७. मुहूर्त काही टळला नव्हता : आदल्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, गव्हाणीत मोळ्या पडल्या, फोटो निघाले. मिल मात्र दुसऱ्या रात्री फिरली. एका दिवसाच्या उशिरावरून अण्णांना बरंच ऐकावं लागलं. माझ्या मते हार त्यांना घालायला हवा होता.

प्रत्येक धंद्याची तऱ्हा वेगळी. ट्रान्सफॉर्मर बनवणारे मोठे कारखाने व्हेपर फेज पद्धत वापरतात : व्हॅक्यूममध्ये केरोसीनसारख्या द्रावकाची वाफ गार कोअर-कॉइलवर जमते, सगळीकडे सारखी उष्णता देते; हवाच नसल्याने कागद जळत नाही. रिफायनरी किंवा केमिकल प्लँटला शटडाऊन परवडत नाही. तिथे चालू ट्रान्सफॉर्मरचं तेल मॉलिक्युलर सीव्हच्या नळकांड्यांतून सावकाश फिरवतात. महिनोन्‌महिने चालणारं काम, पण लोडवर कागद गरम असल्याने तो आपणहून पाणी सोडत राहतो. पवनचक्क्यांचे ट्रान्सफॉर्मर वारा पडला-उठला की गार-गरम होतात आणि तितक्याच वेळा श्वास घेतात. त्यामुळे तिथे ब्रीदरकडे जास्त लक्ष.

जाता जाता : हॉस्टेलमागच्या सबस्टेशनच्या ब्रीदरचं जेल परवा अर्ध्यापर्यंत गुलाबी दिसलं. मेंटेनन्सच्या काकांना सांगितलंय. या आठवड्यात बदलतो म्हणाले.