मक्याच्या शेतातली शाळा

सिनेमा पाहणे हा माझा छंद नव्हे. वर्षाकाठी दोन-तीन चित्रपट पाहतो, तेही घरच्यांनी तिकिटे काढून ठेवली म्हणून. त्यातून विज्ञानपट म्हटला की दिवे मालवतात न मालवतात तोच माझे डोळे मिटू लागतात. अग्निबाण आणि काचेची शिरस्त्राणे घातलेली माणसे यांच्याशी माझे गोत्र कधी जुळलेच नाही. तेव्हा क्रिस्टोफर नोलन यांचा २०१४ सालचा ‘इंटरस्टेलर’ हा चांगला १६९ मिनिटांचा चित्रपट मी सबंध जागेपणी पाहिला, यातच त्याची थोरवी आली असे आमच्या घरात मानतात.

परंतु मला जागे ठेवले ते कृष्णविवराने नव्हे, एका शाळेने.

पृथ्वीवर धुळीची वादळे उठताहेत, एकेक पीक रोगाने नाहीसे होत आहे, आणि भरवशाचा असा मका तेवढा उरला आहे. कूपर हा एके काळचा वैमानिक आता शेती करतो. मुलांच्या शाळेत पालकांच्या भेटीला तो निघाला असता वाटेत आपल्या देशाचे एक बिनमाणसाचे विमान डोक्यावरून जाते. दिल्लीचे नियंत्रणकेंद्र बंद पडून दहा वर्षे लोटली, तरी ते आपले सूर्यप्रकाशावर फिरतेच आहे. (सरकारी सेवेतली ही निष्ठा पाहून मला गहिवरून आले.)

शाळेत मुख्याध्यापक सांगतात, मुलगा शेतकरी छान होईल. कॉलेजचे नाव काढू नका. आणि मुलगी, दहा वर्षांची मर्फ? तिने बापाचे जुने पाठ्यपुस्तक आणून त्यातली चांद्रस्वारीची चित्रे वर्गात दाखवली आणि त्यापायी मुलांशी मारामारी केली. बाई समजावतात : ते पुस्तक जुने झाले. सुधारित आवृत्तीप्रमाणे चंद्रावर कोणी गेलेच नव्हते. रशियाचे दिवाळे काढण्यासाठी रचलेला तो एक बनाव होता.

त्या बाई दुष्ट नाहीत, हेच मला झोंबले. स्वर मृदू, हाती मंजूर झालेले पुस्तक, चेहऱ्यावर मुलीच्या हिताची खरीखुरी काळजी. टेबलाच्या त्याच बाजूला मीही बसतो. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालली. अपोलो-११ जिथे उतरले ती जागा आपल्या चांद्रयान-२ ने २०२१ साली वरून टिपली. पण वर्गात पुस्तकातल्या एका छापील ओळीपुढे हे सारे लंगडे पडू शकते. “सर, परीक्षेत काय लिहायचे?” असे पोर विचारते, तेव्हा त्याला नुसता चंद्र दाखवून भागत नाही.

कूपर बाहेर येऊन मुलीला सांगतो की तुला मी शाळेतून काही दिवस बंद करवले. आणि थोड्याच दिवसांत तिला रडती ठेवून तो आकाशात निघून जातो.

पुढचे गणित किप थॉर्न या शास्त्रज्ञाच्या समीकरणांवर बेतलेले आहे. (त्यांना २०१७ साली गुरुत्वलहरींच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.) कृष्णविवराच्या जवळ काळ मंदावतो, तिथल्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. कूपर यानात परततो तेव्हा तेवीस वर्षे उलटलेली असतात. संदेश येऊन साठलेले. इकडून मात्र एकही जात नाही. मुलाचे लग्न झाले, नातू झाला, तो गेलाही. मग पडद्यावर मर्फ येते. बाप निघाला तेव्हा जेवढा होता, तेवढी ती आज झाली आहे.

मला ककुद्मी राजा आठवला. रेवतीसाठी वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, गाणे संपेपर्यंत थांबला, आणि खाली सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात योजलेले सारे वर केव्हाच मातीस मिळाले होते. पण त्या राजाने लेकीला बरोबर नेले होते. रेवतीला एकही दिवस वाट पाहावी लागली नाही.

मर्फने वाट पाहिली, रागावली, आणि रागातच ते अवघड समीकरण सोडवले. शेवटी माणसे शनीजवळच्या एका फिरत्या वसाहतीत राहू लागतात. वसाहतीला कूपरचे नाव आहे. ते आपलेच, असे त्याला वाटते. ते असते लेकीचे. तिथे शेते आहेत, घरे आहेत, पोरे चेंडू मारून डोक्यावरच्या घराची काच फोडतात. म्हणजे शाळाही असणारच. तिथल्या पुस्तकात चंद्राच्या धड्याखाली काय छापले आहे, एवढे मात्र नोलनसाहेबांनी दाखवले नाही.