रसायनाची ओढ

विद्यार्थ्याला एखाद्या विषयाची गोडी एकाएकी लागते, अशी आपली समजूत असते. चरित्रकारही बहुधा तसेच रंगवितात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्याविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करीत असताना मला मात्र निराळे चित्र दिसले.

१८६१ साली जेसोर जिल्ह्यातील राडुली या खेड्यात (ते आज बांगलादेशात आहे) जन्मलेल्या या मुलाला १८७४ साली आमांशाच्या दुखण्याने कलकत्त्यातील शाळा सोडावी लागली. त्या सक्तीच्या विश्रांतीत वडिलांच्या ग्रंथसंग्रहाने त्याला जवळ केले. इतिहास, चरित्रे, इंग्रजी वाङ्मय, जोडीला लॅटिन. हा मुलगा साहित्याचाच उपासक होणार, असे कोणीही म्हटले असते. पुढे विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत शिकत असताना रसायनाच्या व्याख्यानांसाठी तो प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊ लागला. तेथे अलेक्झांडर पेडलर हे प्रयोग करून दाखविण्यात निष्णात होते. नुसते पाहून मुलाचे समाधान होईना. एका मित्राच्या बिऱ्हाडी त्याने छोटीशी प्रयोगशाळा थाटली, आणि साध्या टिनकाम करणाऱ्या कारागिराकडून ऑक्सिजन-हायड्रोजनची फुंकनळी घडवून घेतली. तिचा स्फोट झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ओढ मात्र वाढतच गेली. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून तो एडिंबरोला गेला आणि १८८७ साली डी. एस्सी. झाला.

हे सारे मी लिहीत होतो तेव्हा आमच्या घरात एक वाद चालू होता. माझी पुतणी भाषा विषयांत हुशार. तेव्हा तिने कला शाखेकडेच जावे, असे दादाचे मत. तिचे लक्ष मात्र भलतीकडेच गेले होते. पोलक्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल झाला आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळा, हे तिने एकदा पाहिले. आजीला विचारले, तर हळदीला चुन्याची निवळी देऊनच कुंकू करतात, असे आजीने सहज सांगितले. झाले! हळदीत बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन ती घरभर फिरू लागली. धुण्याच्या सोड्याने पट्टी लाल, चिंचेने पुन्हा पिवळी. ताकाने काहीच नाही. ‘काका, ताकाने काहीच का होत नाही?’ हा प्रश्न तिने मला, एका कलाशाखेच्या पदवीधराला, तीन दिवस विचारला.

दादाची भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. पण साहित्य आणि रसायन यांतले एक टाकल्याशिवाय दुसरे हाती येत नाही, हे मला पटत नाही. १८९६ साली मर्क्युरस नायट्राइटचे पिवळे स्फटिक जगापुढे ठेवणाऱ्या रायांनीच पुढे जुन्या संस्कृत रसग्रंथांची पाने चाळून ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ दोन खंडांत सिद्ध केला. पहिला खंड १९०२ सालचा, दुसरा १९०९ सालचा. त्या ग्रंथांत ‘रस’ म्हणजे पारा. आणि रायांचे ते स्फटिकही पाऱ्याचेच. भाषांतरकाराला असा शब्द भेटला की त्याची लेखणी थोडी रेंगाळते.

हे मी दादाला सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सहा परीक्षानळ्या आणि लाकडी घोडी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. वहिनीने शेजारच्या बरण्यांवर ‘हे खाण्याचे आहे’ अशा चिठ्ठ्या तेवढ्या चिकटविल्या.